हे पालकांसाठी आहे

“हे पालकांसाठी आहे,” वहिनी म्हणाल्या. “तू चहाचं बघ.”

माझ्या खांद्यावर माझी लेक होती. मान अजून धरत नव्हती.

मंगळवार पेठेतल्या एका महिला मंडळाचा हॉल. रविवार. लहान मुलांच्या लसीकरणावर मार्गदर्शन ठेवलं होतं. वहिनी मंडळाच्या अध्यक्षा. मी त्यांच्या घरी धुणं-भांडी, फरशी, चपात्या करायची. कार्यक्रम असला की खुर्च्या मांडायला, चहा फिरवायला मलाच बोलवायच्या. एरवी पोरगी घरी कळंब्यात सासूजवळ असायची. त्या दिवशी सासू जोतिबाला गेलेली, नवरा फौंड्रीत ड्युटीवर. म्हणून तिला घेऊनच आलेले.

डॉक्टर लहान मुलांचे, मोठ्या दवाखान्याचे. चांगलं बोलत होते. शेवटी म्हणाले, मनात काही असेल तर विचारा, कुठलाच प्रश्न लहान नसतो. एका बाईंनी विचारलं, न दुखणारी लस घ्यावी का. दुसरीनं विचारलं, लस दिली त्या दिवशी बाळाला बारशाला नेलं तर चालतं का. डॉक्टरांनी हसून सगळं नीट सांगितलं.

माझाही एक प्रश्न होता. कितीतरी दिवस मनात घेऊन हिंडत होते. दीड महिन्याची सुई दिल्यावर पोरगी तापानं फणफणली होती. मांडीला गाठ आली. दोन दिवस नुसती किरकिर. पुढची सुई द्यायची की नाही, कळत नव्हतं. घरात कुणाला ठाऊक नव्हतं. आणि इथं समोर डॉक्टर उभे होते. विचारा म्हणत होते.

मी मागनं, चहाच्या टेबलाजवळनं हात वर केला.

“साहेब, पैलं विंजिक्शन दिल्यावर हिला लई ताप आलता. आता फुडचं द्यायचं का न्हाय?”

कुणीतरी ‘विंजिक्शन’ म्हणालं. दोघी-तिघी हसल्या. तेवढ्यात वहिनी उठून आल्या आणि ते पालकांसाठीचं बोलल्या. मोठ्यानं नाही. समजावल्यासारखं. वर म्हणाल्या, बाळाला बाहेर घेऊन जा, इथं लहान मुलं आहेत, काहीतरी रोग लागायचा त्यांना.

माझी कोण होती मग?

डॉक्टर म्हणाले, “त्यांचं सरकारी असतं, ते तिकडं सांगतील.” आणि पुढच्या बाईंकडं वळले.

मी गेले. जिन्यात तिचं दुपटं अंथरलं, पोरीला निजवलं. आत आले. चहा दिला. कुणाला बिनसाखरेचा, कुणाला कमी दुधाचा. हात चालत होते. राग आला असं म्हणता येत नाही. रडूही नाही. हातपाय बधिर होतात ना, मुंग्यासुद्धा येत नाहीत, तसं.

घरी गेल्यावर सासूनं निकाल दिला. “आता सुई न्हाय. पोरगी मारतीस काय?” माझ्याकडं तिला द्यायला उत्तर नव्हतं. उत्तर आणायलाच तर तोंड उघडलं होतं.

तिकडं विचारायचं म्हटलं तर आमच्या अंगणवाडीत लसीचा दिवस म्हणजे माझा कामाचा दिवस. लसीचं सांगायला आशाताई घरी यायची तेव्हा मी वहिनींच्या घरी भांड्यांत. सासू तिला दारातनंच परत लावायची. एकदा वहिनींना सुट्टी मागितली. सांगितलं, पोरीच्या सुईसाठी पाहिजे. त्यांच्याकडं पाहुणे होते. पुढच्या महिन्यात जा म्हणाल्या. पुढच्या महिन्यात श्रावणातली पूजा निघाली.

मग पोरीला खोकला लागला.

आधी साधाच वाटला. सर्दी असेल. मग उबळ यायला लागली. एकामागनं एक, मधे श्वास घ्यायला जागाच नाही. तोंड लाल, मग निळं. एका सकाळी मांडीवर असतानाच खोकता खोकता थांबली. खोकणं थांबलं आणि श्वासपण. मी तिला हलवलं. सासू ओरडत होती, मला ऐकू येत नव्हतं. श्वास परत आला. रिक्षानं सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथली डॉक्टर माझ्यापेक्षा लहान असेल. तपासता तपासता विचारलं, लसी झाल्यात का. म्हटलं, एक झाली, पुढच्या न्हाय. डांग्या खोकला आहे म्हणाली. एवढ्या लहान जिवाला तो सोसत नाही, म्हणाली.

पोरगी काचेच्या पेटीत पडल्यासारखी दिसायची. पेटी नव्हती, नाकाला नळी होती फक्त. पण मला तसंच दिसायचं. सासू पायरीवर बसून राहायची. तिला कुणी दोष दिला नाही. तिलाही कुणी कधी काही सांगितलं नव्हतं.

पोरगी जगली. काडीसारखी झाली, पण जगली. अजून दवाखान्यातच होतो तेव्हा वहिनींचा फोन आला. कामावर का येत नाही म्हणून. मी आजाराचं नाव सांगितलं. मग म्हणाल्या, “आता येऊच नकोस. तुम्ही लोक मुलांना लस देत नाही आणि असले आजार आमच्या घरात आणता. आमच्या नातवाला झालं असतं म्हणजे?”

तुम्ही लोक.

मी वऱ्हांड्यात उभी होते. माझा आवाज मला लांबनं आला.

“वहिनी, मी इचारलं हुतं. तुमच्या हालात, डाक्टरास्नी. तुम्ही म्हटला, हे पालकांसाठी हाय.”

“कधी?” वहिनी म्हणाल्या.

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांना खरंच आठवत नव्हतं. जे मी इतके दिवस छातीवर घेऊन बसले होते, ते त्यांनी जिना उतरायच्या आतच सोडून दिलं होतं. चहाच्या कपासारखं. मी फोन बंद केला. तेव्हा पहिल्यांदा काहीतरी हललं आत.

घरी आल्यावर काही दिवसांनी त्यांचा परत निरोप आला. नवी बाई नीट करत नाही, झालं गेलं विसर आणि ये. मी सांगून पाठवलं, “मी येत न्हाय.” कारण दिलं नाही. आता एका खानावळीत भाकरी थापते. काम धरतानाच मालकिणीला सांगितलं, पोरीच्या सुईच्या दिवशी मी येणार नाही. पटत असंल तर ठेवा. तिनं ठेवलं.

पोरगी जरा सुधारल्यावर अंगणवाडीत घेऊन गेले. लाइन मोठी. सिस्टर घाईत. पाय धरा, पुढं व्हा, पाय धरा, पुढं व्हा. माझी पाळी आली. मी तोच प्रश्न विचारला. ती सुई भरत म्हणाली, “तुम्हाला काय करायचंय ते समजून? धरा पाय.”

मी पोरीच्या मांडीवर माझा हात ठेवला.

“आदी सांगा. मग टोचा.”

मागच्या बायका कुजबुजल्या. चल गं, उशीर होतोय. मी हात काढला नाही. सिस्टरनं सुई ट्रेमधे ठेवली आणि सांगितलं. ताप येतो, मांडी सुजते, एक-दोन दिवसांत उतरतं, त्यासाठी पुढची सुई थांबवायची नाही. शेकायचं नाही, चोळायचं नाही, ओला फडका ठेवायचा. अंगावर पाजत राहायचं. तापाचं औषध देते, किती द्यायचं तेही सांगते. ताप उतरलाच नाही, झटका आला, तर थेट दवाखान्यात. आणि राहिलेले डोस पहिल्यापासनं सुरू करायचे नसतात, राहिलेत तिथनं पुढं.

एवढंच होतं. चहाचा कप निवायच्या आत सांगून झालं असतं.

मागची एक बाई हळूच म्हणाली, माझ्या पोराला खोकला हाय, आज चालंल का. तिच्या मागचीनं दुसरं विचारलं. सिस्टर वैतागली. पण सांगत गेली.

मी हात काढला. सुई टोचली, पोरगी रडली. मी रडले नाही. मला बरं वाटलं असंही नाही. जे निळं तोंड बघितलं ते बघितलं, ते आता जाणार नाही.

पण मी गप्प बसणार नाही. पोरगी माझी आहे. तिच्या अंगात काय घालताय, कशासाठी घालताय, नंतर काय होणार, हे मला सांगावं लागेल. हसून सांगा, वैतागून सांगा. माझ्या बोलण्याला हसायचं तर हसून घ्या. मग सांगा. तोवर मी जागेवरनं हलत नाही, आणि माझ्या मागचीलाही न विचारता जाऊ देत नाही.