मिस्त्रीची पाच मिनिटं

माधवनगरच्या त्या मिस्त्रीचा मला अजून राग येतो. पलटणीतून आलेला माणूस. गिऱ्हाइकाला कधी बस म्हणायचा नाही, बोलायचा तेही इंजिनात मुंडकं घालूनच. एका संस्थानिकाची जुनी, दोन सीटची स्पोर्ट्स कार मी हौसेनं घेतली होती. तिच्यात त्यानं भंगारातल्या जनरेटरचं टर्बोवालं डिझेल इंजिन बसवलं. गाव हसलं, पण गाडी पळाली.

"दमवलीस तर बंद करायच्या आदी पाच मिन्टं नुसती चालू ठिव," त्यानं बजावलं होतं. "इंजिन बंद झालं तरी टर्बोचं चाक फिरत ऱ्हातंय रं. त्याला तेल लागतंय, अन् ते इंजिन चालू असलं तरच मिळतंय."

मी मेढ्याच्या पुढचा घाट दामटून चढलो आणि माथ्यावर, सगळे करतात तसं, डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली. खाली पोचेपर्यंत टर्बो जळाला होता.

मिस्त्रीनं सगळं ऐकून घेतलं.

"पळ," तो म्हणाला. "त्या गिरणीच्या फाटकाला हात लावून ये."

भर उन्हात मी का पळालो, देव जाणे. धापा टाकत परत आलो आणि तांब्याला हात घातला, तर त्यानं तो हिसकावला आणि पाणी मातीत ओतलं.

"लय तहान लागली व्हय? त्यालाबी लागली हुती."