बाळंतिणीच्या वाट्याची कलेजी

आमच्याकडे मासा शिजला की त्याची कलेजी कुणाला, हे ठरलेलं असायचं. घरात बाळंतीण असेल तर तिलाच. अंगात ताकद येते, दूध उतरतं, असं आई सांगायची. सत्तरच्या दशकाच्या शेवटी थोरली बहीण बाळंतपणाला नाशिकला आली, तेव्हा मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते प्लेटिंगच्या कारखान्यात होते, नटबोल्टांवर चकचकीत मुलामा चढवायच्या कामाला. रविवारी गळ घेऊन ते नाला नदीला मिळतो तिथे बसायचे. तेवढीच त्यांची चैन. नातू झाल्यावर मात्र ते कामावरून सुटल्यावरही तिकडे जाऊ लागले. मरळ मासा लागला की आई कलेजी अलगद काढून बाजूला ठेवायची.

त्या नाल्यात कारखान्यांचं पाणी सोडतात, हे मला कॉलेजला जाताना रोज दिसायचं. एके दिवशी मी बाटलीभर पाणी रसायनशास्त्राच्या सरांकडे नेलं. त्यांनी ते आटवायला लावलं आणि वरून अमोनिया घालायला सांगितला. गडद निळा रंग आला. तांबं. परीक्षण बरोबर आलं म्हणून मला आधी आनंदच झाला. घर नंतर आठवलं.

सर म्हणाले, अशा पाण्यात कॅडमियम, शिसंही असू शकतं. ते माशाच्या कलेजीत साठतं, मग खाणाऱ्याच्या अंगात, आणि अंगावर पिणाऱ्या बाळापर्यंतही थोडं पोचतं. माशात किती आहे ते मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येणार नाही. पण माझी मुलगी असती तर मी तिला खाऊ दिलं नसतं, असंही सर म्हणाले.

घरी पोचले तर कलेजी बहिणीच्या ताटात आलेली. मी पुस्तकातलं सगळं धडाधड बोलून टाकलं. आईला राग आला. मासा ती राखेनं घासायची, मीठ-हळद लावायची, चिंचेच्या पाण्यात ठेवायची. तांब्याचा हंडा चिंचेनं लखलखतो, मग मासा का नाही, असं तिचं म्हणणं.

"चार बुकं शिकली आन् माझ्या हाताला नावं ठेवती," ती म्हणाली.

बहीण बाळाला मांडीवर घेऊन कधी आईकडे, कधी माझ्याकडे बघत होती.

मग दादा आईला म्हणाले, "मुलामा नीट बसला नाय तर तो काढाया आम्ही तेजाबात टाकतो. चिंचेनं वरचा मळ जातो. बसलेलं निघत नाय." माझ्याकडे वळून म्हणाले, "ते पानी आमच्याच टाक्यातलं हाय. मासा जित्ता हाय म्हंजे पानी बरं हाय, असं मी धरून चाललो. माझंच चुकलं."

आणि त्यांनी लेकीच्या पुढचं ताट स्वतः उचललं.

मी बाटलीभर पाणी तपासलं होतं. दादांचे हात वर्षानुवर्षं त्याच पाण्यात होते, बोटांच्या भेगा कधी भरल्याच नाहीत. त्या हातांवर माझी फी भरली गेली होती. धाकट्या पोरीसमोर चूक कबूल करायला त्यांना क्षणभरही जड गेलं नाही. मला अजून जातं.

पुढच्या रविवारी ते सायकल काढून कारखान्यांच्या पार वर, गंगापूर धरणाच्या अंगाला गेले. दुपार टळल्यावर घामाघूम होऊन आले. पिशवीत बोटाएवढे पाच-सहा मासे.

आईनं ते माझ्यापुढे धरले. राग पुरता गेला नव्हता. "हे चालंल का, मास्तरीणबाई?"

मी चालेल म्हणाले. एवढ्याशा माशांत कलेजी कुठली निघायला. आईनं त्यांचं पातळ कालवण केलं आणि बहिणीच्या वाटीत काठोकाठ ओतलं. दादांनी त्या दिवशी भाकरी चटणीशीच खाल्ली, पण रस्ता लय चांगला हाय, झाडी हाय, असं दोनदा सांगितलं.