बिनसेलचा विमानप्रवास

विमानतळावर लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगितलं की हल्ली माणसं तोंडं वाकडी करतात. मी करत नाही. ऐंशीच्या दशकात सोनेगावच्या विमानतळावर माझ्या बाबांनी आपले कान काढून दिले होते, तेही कोणी मागितले नसताना.

बाबा गिरणीत विणाई खात्यात होते. उभी हयात मागांच्या खडखडाटात गेली आणि कानही तिथेच गेले. निवृत्तीनंतर कानाचं यंत्र आलं. सदऱ्याच्या खिशात काड्यापेटीहून जराशी मोठी डबी, तिच्यात पेन्सिल सेल आणि तिथून कानापर्यंत वायर. बाबांना ऐकू येऊ लागलं आणि घरातलं बोलणं खुंटलं, कारण डबीला बटण होतं. नावडता विषय निघाला की त्यांचा अंगठा खिशाकडे जायचा. आई म्हणायची, बहिरे होते तेच बरे होते, निदान तोंडाकडे तरी बघायचे.

त्या वर्षी नावडता विषय मी होते. कळमेश्वरच्या एका कारखान्यात, प्रयोगशाळेत मला नोकरी लागली होती. मी तिथे रुळले तोच मुंबईच्या काकांनी स्थळ आणलं. मुलगा दुबईला, सुट्टी संपत आलेली, बायकोने तिकडे घर सांभाळायचं. रेल्वेचं आरक्षण मिळेना म्हणून काकांनी बाबांची आणि माझी विमानाची तिकिटं पाठवली. मला नोकरी सोडायची नव्हती. बाबांना सांगायला गेले की अंगठा खिशाकडे. आई म्हणाली, तूच सांग, माझं कधी ऐकलंय त्यांनी? मग ठरवलं, विमानात सांगायचं. मुंबईला उतरलो की काका आम्हाला थेट मुलाकडेच नेणार होते, आणि तिथे चहा-पोहे झाल्यावर नाही म्हणणं म्हणजे काकांचं नाक कापणं. सांगायचं तर विमानातच, नाहीतर कधीच नाही.

तपासणीच्या टेबलाशी पोलीस ट्रान्झिस्टर, टॉर्च, कॅमेरे यांतले सेल काढायला सांगत होता. तेव्हा नियमच तसा होता. बाबांच्या डबीकडे त्याचं लक्षही नव्हतं. पण बाबा नियमाचे पक्के, भोंगा व्हायच्या आधी फाटकात उभे राहणारे. त्यांनी डबी उघडली, सेल काढला आणि टेबलावर ठेवला. मी म्हटलं, हा कानाच्या यंत्राचा आहे, राहू द्या. पोलीसही घुटमळला. पण तोवर बाबांना आमच्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं. त्यांनी माझ्या पर्समधले जादा सेलसुद्धा काढायला लावले. पोलिसाने सगळे एका पाकिटात घातले आणि मुंबईत परत मिळतील असं सांगितलं. मला संतापाने रडू येत होतं.

विमान वर गेलं. रेडिओ, टेपरेकॉर्डर लावू नका, असं हवाई सुंदरी सांगून गेली. मी बाबांना हाक मारली. त्यांनी हसून खिडकीबाहेरचे ढग दाखवले. आणखी मोठ्याने बोलले तर त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"असं नाई. खात्यात बोलतात तसं बोल. कानाशी ये, एकेक शब्द, दमानं."

मागावरची माणसं अशीच बोलतात. तिथे कुजबुज चालत नाही. कानाशी तोंड न्यायचं आणि पोटातून ओरडून, तोडून तोडून सांगायचं. मी जनाची लाज गुंडाळून ठेवली आणि बाबांच्या उजव्या कानाशी गेले.

"मले. हे लग्न. नाई करायचं."

पुढच्या रांगेतली डोकी वळली. पलीकडच्या सीटवरच्या एका काकूंनी तोंडातली गोळी चघळायची थांबवली.

"काहून वं?" बाबांचा आवाजही गिरणीचाच.

"नोकरी. नाई. सोडायची."

बाबांनी तोंड समोर वळवलं. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी विचारलं, "रोज जाऊन काय करून राहिली तू तिथं?"

नोकरीला वर्ष होत आलं होतं आणि हे त्यांनी पहिल्यांदाच विचारलं होतं. मी ओरडून सांगितलं की आम्ही धाग्याची ताकद तपासतो, यंत्रावर ताणून तो कधी तुटतो ते बघतो. बाबा सावरून बसले. उभा धागा की आडवा? कोरडा ताणता की ओला? आम्ही धागा तुटला म्हणून आयुष्यभर बोलणी खाल्ली आणि तुम्ही मुद्दाम तोडता? प्रश्न संपेनात. पलीकडच्या काकू नवऱ्याला समजावत होत्या की पोरीचं बरोबर आहे. खाली मुंबई दिसू लागली तरी मी धाग्यांबद्दलच ओरडत होते. लग्नाचं बाबांनी पुन्हा नावही काढलं नाही. ते त्यांनी ऐकून सोडून दिलं, अशी माझी खात्री झाली.

उतरताना पाकीट परत मिळालं. बाबांनी सेल बसवला, वायर कानात घातली. काका बाहेर उभेच होते. मुलाकडची माणसं वाट बघतायत, म्हणाले, आणि साडी इथेच बदलतेस का म्हणून त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली.

काकांनी बाबांकडे पाहिलं.

"घसा बसला तिचा, मी सांगतो," बाबा म्हणाले. "ती नाई म्हणते. काम हाय तिले."