हरवलेलं मेंढरू रंगवताना

मंडळी, दुपारपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

इथे जयपुरात, वैशाली नगरला शीलाताईंकडे आम्ही पाच-सहा मराठी ख्रिस्ती बायका दर शनिवारी जमतो आणि बायबलच्या समासात चित्रं रंगवतो. आज हरवलेल्या मेंढराचा दाखला होता, म्हणजे नव्व्याण्णव मेंढरं सोडून एका हरवलेल्याला शोधत जाणाऱ्या मेंढपाळाची येशूने सांगितलेली गोष्ट. आठ महिन्यांनी मार्था आली. ती दारू सोडवायला केंद्रात होती, हे सगळ्यांना ठाऊक.

रंगवताना तिचा हात थरथरला आणि ब्रशच्या पाण्याचा ग्लास कलंडला. सगळ्यांनी आधी आपापली बायबलं उचलली. मग शीलाताई म्हणाल्या, "खरं सांग मार्था, आजही पिऊन आलीस ना?"

"नाही ताई, औषधांनी हात कापतो." तिने ओढणीने टेबल पुसलं आणि निघून गेली.

शीलाताई म्हणाल्या, "चला, मेंढराला पांढरा रंग द्या."

अहो, काय माणसं आहोत आपण! जयपुरात त्या बाईला आमच्याशिवाय मराठीत बोलायला आहे तरी कोण?

आणि मी? मी गप्प बसून मेंढरू पूर्ण केलं. आमच्या शनिवारच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांना माझंच चित्र आवडलंय.

उद्या मार्था चर्चमध्ये आली, तर कुठल्या तोंडाने तिच्या शेजारी बसू?