सागरची खांदेमळणी

परवा बेंदरासाठी, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्यासाठी, माहेरी गेले होते, विट्याजवळच्या आमच्या गावी. धाकटा भाऊ सागर मुंबईहून चक्क आदल्या दिवशीच हजर... सूर्य कुठे उगवला म्हणायचा!

सागर एका मोठ्या फायनान्स कंपनीत आहे. कुणी कुठली कंपनी विकत घ्यायची, त्याचं काहीतरी काम... नक्की काय ते आईला अजून कळलेलं नाही, मलाही अर्धंच. पगार मात्र सगळ्या भावकीला पाठ आहे. "लय मोठी नोकरी हाय, पोराला झोपायला बी सवड न्हाई," असं आण्णा, म्हणजे आमचे वडील, पारावर कौतुकानं सांगायचे. सासरी मीही तेच ऐटीत सांगायचे.

पण गाडीतून उतरला तेव्हा काळजात चर्र झालं हो. डोळ्यांखाली काळं, खिशात ॲसिडिटीच्या गोळ्या, आणि मान वळवायची तर अख्खं अंग वळवतोय! विचारलं तर म्हणे, "ताई, आमच्यात सगळ्यांचंच असतं गं." माझं डोकंच फिरलं. सगळ्यांचंच असतं म्हणजे काय!

बेंदराच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदेमळणी असते. जू ओढून ओढून बैलांचे खांदे धरलेले असतात, ते हळद आणि तूप लावून चोळायचे... घरातल्या प्रत्येकानं हात लावायचा. आण्णांनी हाक मारली, तसे आमचे साहेब कानाला फोन लावूनच गोठ्यात आले.

बैलाच्या खांद्यावर हात ठेवला... आणि तिथेच भिंतीला धरून खाली बसला. घामानं डबडबलेला, चेहरा पांढराफटक. आई पाणी घेऊन धावली, मी आधी फोन काढून घेतला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गेल्या महिन्यात ऑफिसात चक्कर येऊन पडला होता. बीपी वाढलेलं, डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितलेली... आणि हा गडी त्याच संध्याकाळी परत लॅपटॉपपुढे, कारण डील अडकलं असतं. आम्हाला घोर नको म्हणून घरी अवाक्षर काढलं नाही. अजून तिशीसुद्धा गाठली नाही हो त्यानं!

आई रागवायला लागली, मी रडायला.  आण्णांनी हळदीतुपाचे तेच हात सागरच्या मानेला लावले आणि बैलाचा चोळावा तसा त्याचा खांदा चोळायला लागले. महागड्या शर्टाची पार वाट लागली. "लय धरलंय रं," एवढंच म्हणाले... आणि आमचं पोरगं हुंदके देऊन रडलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं. ते त्यानं चाचरत सांगितलं, तर आण्णा म्हणाले, "खांदा मळल्यावर जू ठेवत न्हाईत, गड्या." आवाजात राग नव्हता, रीत सांगावी तसं सांगितलं.

सागरनं माझ्याकडून फोन मागून घेतला. शेवटी रजेचा मेसेज केला. लगेच उत्तर आलं... काळजी घे, पण तेवढी एक फाईल बघून दे! त्यानं फोन बंद करून आईच्या हातात दिला, आणि आईनं तो सरळ डाळीच्या डब्यात टाकला. सोमवारी सांगलीला डॉक्टरांकडे जायचंही ठरलं.

बेंदरादिवशी पुरणपोळी खाऊन जो आडवा झाला, तो झालाच. दुपारनंतर बैलांची मिरवणूक निघाली. रंगवलेली शिंगं, पाठीवर झुली, पुढे कडाडणारी हलगी... आण्णा या दिवसाची वर्षभर वाट बघतात. आवाज जवळ येऊ लागला तशी मी धसकलेच, आता हा उठणार.

गल्लीच्या तोंडाशी, आमच्या बैलांसोबत चालणाऱ्या आण्णांनी हात वर केला आणि हलगी थांबली. सागरचं गावात कळलेलं होतंच; कुणी काही विचारलं नाही, पोरांनी शिट्टी मारली नाही. अख्खी मिरवणूक आमच्या दारावरून मुकाट गेली, नुसता बैलांच्या घुंगरांचा आवाज... वळण पार केल्यावरच हलगी पुन्हा सुरू झाली.

एरवी माईक हाती आला की न सोडणारं आमचं गाव, माझ्या भावाची झोप मोडू नये म्हणून गप्प झालं. दारात उभ्या उभ्या माझे हात आपोआप जोडले गेले... गावकऱ्यांनो, तुमचे हे उपकार कसे फेडू मी!