डॉक्टरांच्या सात शेळ्या

डॉक्टर कुणाच्याही दारात गेले की आधी लेंड्या बघायचे. मग शेळी, आणि सगळ्यात शेवटी शेळीचा मालक. तोवर मालकानं आजाराचं नाव, कारण आणि औषधसुद्धा सांगून टाकलेलं असायचं. डॉक्टर काडीनं लेंडी फोडत शांतपणे ऐकून घेत आणि म्हणत, "मालक सांगतो ती मालकाची भीती असती बाबा. भीती म्या ऐकून घेतली. आता आजार शेरडाला विचारतो."

खरं तर ते डॉक्टर नव्हतेच. जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून आयुष्य काढून निवृत्त झालेले. पण आमच्या भूम तालुक्यात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. निवृत्तीनंतर त्यांना घरात करमेना. सून म्हणे, "मामंजी भाजीत मीठ कमी पडलं तरी कवापासनं पडतंय म्हणून विचारतात." शेवटी ते आमच्या शेळीपालक संघाच्या कचेरीत येऊन बसायला लागले. सुनेनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि आमची पाळी आली.

मी त्या कचेरीत कॉम्प्युटरवर होते. आपल्या उस्मानाबादी शेळ्यांची वंशावळ ठेवायची, हे माझं काम. कुठल्या शेळीची आई कोण, बाप कोण, जुळं कुठलं, हे सगळं कानातल्या बिल्ल्याच्या नंबरानं नोंदवायचं. त्यावरून कुठल्या कळपात कुठला बोकड द्यायचा ते ठरे, म्हणजे भावाबहिणीची गाठ पडू नये. हे सारं आम्ही एका फुकट मिळणाऱ्या डेटाबेसमध्ये ठेवलं होतं. जगभरची माणसं मिळून तो बनवतात आणि त्याच्या आतलं सगळं कुणालाही उघडून बघता येतं. हे ऐकून डॉक्टरांनी एकच विचारलं, "आन् बिघडलं तर?"

"त्यांना पत्र लिहायचं," मी म्हटलं.

"मग बरं हाय. पत्र लिवता येतं म्हंजे तिकडं माणूस बसलाय."

त्या वर्षी बोकड वाटपाला महिना राहिला होता. मी यादी काढली, चिठ्ठ्या गावोगाव गेल्या. चौथ्या दिवशी वस्तीवरच्या कोंडाबाई चिठ्ठी नाचवत कचेरीत आल्या. उभ्या तालुक्यात शेळ्यांची नाती तोंडपाठ असलेली ही एकमेव बाई. "अगं ये पोरी," त्या दारातूनच ओरडल्या, "ह्यो बोकड माझ्या शेळीचा सख्खा भाऊ हाय की! कसली सोयरीक जुळवलीस गं?"

सगळी कचेरी हसली. मीही हसले. मग संध्याकाळपर्यंत तशाच आणखी तीन सोयरिकी निघाल्या आणि माझं हसू पळालं. आमचे सचिव तर पहिल्यापासूनच हसले नव्हते. "तुमची एंट्री चुकलीय," ते म्हणाले. मी म्हटलं, मी प्रत्येक नोंद दोनदा तपासते. त्यावर ते म्हणाले, "मग काय कॉम्प्युटर चुकला? वाटपाच्या आत यादी नीट झाली नाही, तर आम्हाला दुसरं माणूस बघावं लागेल."

मला संताप आला की आधी रडू येतं. त्या दिवशीही आलं. डॉक्टरांनी माझं रडू पुरतं होऊ दिलं, मग आपली खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "म्या ह्यातलं काय बी जाणत न्हाय. तू मालक, ही मशिन शेरडू. ह्याच्या लेंड्या कुठं असत्यात?"

मी डोळे पुसून त्यांना लॉग दाखवला. डेटाबेस दिवसभर काय काय करतो, कुठं अडखळतो, ते सगळं ज्यात आपोआप लिहिलं जातं ती फाइल. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "म्हंजे हे बी रोज टाकतंय की! मग कशाला भ्यायचं?"

पण कॉम्प्युटरला त्यांनी लगेच हात लावू दिला नाही. आधी कपाटातली जुनी रजिस्टरं काढली आणि माझी एकेक नोंद पट्टी धरून ताडून पाहायला सुरुवात केली. तीन दिवस! चहा तिथंच, डबा तिथंच. तिसऱ्या दिवशी त्यांनी चष्मा काढला. "एक चूक हाय तुझी. हितं मादी, पाट लिवलीस, त्यो बोकड हाय." मी घाईघाईनं नोंद दुरुस्त करून यादी पुन्हा काढली. कोंडाबाईंची सोयरीक होती तशीच! डॉक्टर खूश. "ही तुझी सर्दी व्हती. आजार निराळाच हाय."

मग त्यांचे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. कवापासनं? एकटीला का कळपाला? मागल्या येळी बरी होती का? चारा बदलला का? चारा म्हटल्यावर मला आठवलं, की यादीच्या आदल्याच आठवड्यात मी डेटाबेसची नवी आवृत्ती घातली होती. जुनी आवृत्ती दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाकून तीच यादी काढली, तर एकही सोयरीक चुकलेली नव्हती. डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "चारा!"

आता तिकडच्या माणसांना पत्र लिहायचं होतं. ते डॉक्टरांनी स्वतः सांगितलं आणि मी निमूटपणे इंग्रजी करत गेले. 'प्रति, माननीय डेटाबेस साहेब यांचे सेवेशी. विषय: चुकीचा बोकड मिळणेबाबत.' सोबत अख्ख्या तालुक्याच्या शेळ्यांची नोंद. जनावराचं काही वाईट झालं की पंचनामा पाहिजेच, म्हणून कोंडाबाईंचा जबाब आणि दोन पंचांच्या सह्याही स्कॅन करून जोडल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज कबूल करते.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मोठं सभ्य होतं. शेळ्यांविषयी आपल्याला विशेष माहिती नाही, असं लिहून त्या गृहस्थांनी विचारलं होतं, की आवृत्ती कुठली, काय विचारलं, काय यायला हवं होतं, काय आलं. आणि चूक दिसेल इतक्याच, अगदी थोड्या नोंदी पाठवता येतील का? मी शरमेनं लाल झाले. डॉक्टर मात्र हरखले. "ह्यो मानूस जनावरातलाच हाय गं! बघ कसा इचारतोय!"

थोड्या नोंदी काढायच्या कशा? डॉक्टरांना हे कोडं पडलंच नाही. "कळपातनं एकेक बाहेर काढ. आजार ऱ्हायला तर काढलेलं गुणी. आजार गेला तर त्याला परत घे." नोंदींची नक्कल करून आम्ही सुरू झालो. आधी गावंच्या गावं बाहेर काढली, मग वस्त्या, मग कळप, मग एकेक शेळी. डॉक्टर शेजारून "हाड, हाड" करत शेळ्या हाकत होते, जणू त्या खरंच पडद्यातून उतरून दारातून बाहेर पडणार होत्या. चार दिवसांनी सात शेळ्या उरल्या. त्यातली कुठलीही एक काढा, यादी बरोबर यायची. सातही ठेवा, चूक हजर.

सातच म्हटल्यावर दुखणं डोळ्यांनी दिसलं. ज्या शेळीचा बाप नोंदलेला नाही तिची पाळी आली, की डेटाबेस कष्ट वाचवायला आधीच्या शेळीसाठी शोधलेलं उत्तर, म्हणजे तिचाच बोकड, हिलाही चिकटवत होता. डॉक्टर म्हणाले, "शेजारच्याचं बघून लिवतंय लेकाचं!"

दुसरं पत्र अर्ध्या पानाचं झालं. सात शेळ्या, एक प्रश्न, हवं ते उत्तर, आलेलं उत्तर, दोन्ही आवृत्त्यांची नावं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "आता तुझी चूक बी लिव."

"माझी? ती तर दुरुस्त केली! साऱ्या जगाला कशाला सांगायची?"

"आधी दिलेलं औषध झाकून ठेवलं की पुढल्या डॉक्टरच्या हातनं शेरडू मरतं. लिव."

मी रागारागात लिहिली. खाली त्यांचं नाव घालायला गेले, तर त्यांनी माझंच घालायला लावलं.

त्या संध्याकाळी उत्तर आलं. 'इथंही तसंच होतंय. चूक आमचीच आहे. सात शेळ्यांबद्दल आभार.' दुरुस्त आवृत्ती येईपर्यंत तो कष्ट वाचवण्याचा उद्योग बंद कसा ठेवायचा, तेही लिहिलं होतं. डॉक्टरांनी मला ते तीनदा वाचायला लावलं आणि तडक जाऊन पेढे आणले. आठवडी बाजारात ते भेटेल त्याला सांगत सुटले, की परदेशातल्या मशिनीला पण आपल्या मशिनीचाच आजार निघाला.

मी नवी यादी काढली. कोंडाबाईंनी ती ओळीनं ऐकली आणि मान डोलावली. वाटप ठरल्या दिवशी झालं. त्याआधीच्या सभेत सचिव "थोडा तांत्रिक घोळ झाला होता" म्हणून पुढच्या विषयाकडे वळत होते, तेवढ्यात डॉक्टर उठले.

"हिची चूक एक व्हती, मशिनीची एक. हिनं जगाला लिवून कबूल केली. त्यांनी बी कबूल केली." ते सचिवांकडे वळले. "आता ऱ्हायलं कोण?"

आधी कोंडाबाईंना हसू फुटलं आणि मागोमाग साऱ्यांनाच. सचिवांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. माणूस वाईट नव्हता. "राहिलो मी," ते म्हणाले. "चुकलं माझं, ताई." टाळ्या वाजल्या. मी पुन्हा रडले, पण ते रडणं निराळं होतं.

पुढच्या वर्षी डॉक्टर लेकीकडे मुरुमला राहायला गेले. मी त्यांना स्टँडवर सोडायला गेले होते. एस.टी. लागली, त्यांची पिशवी वर दिली, आणि इतके दिवस मनात असलेलं मी विचारूनच टाकलं. "डॉक्टर, सगळे मला बोल लावत होते. तुमचा एकट्याचा माझ्यावर विश्वास कसा बसला?"

ते खिडकीतून बाहेर वाकले. "इस्वास? न्हाय बा. मला वाटलं तुझंच चुकलं असंल. उगं का तीन दिस रजिस्टरं चाळली?"

माझा चेहरा बघून ते इतके हसले की कंडक्टरनं घंटी मारायची थांबवून मागं वळून पाहिलं. मग गाडी गेली. आज मी त्याच डेटाबेससाठी, लोकांनी कळवलेल्या चुका तपासायचं काम करते. माझ्यावर विश्वास टाकणारे पुढं पुष्कळ भेटले, त्यांचं भलं होवो. पण माझ्यावर संशय घेऊन, तो खरा का खोटा हे तीन दिवस पट्टी धरून बघणारा माणूस मला एकच भेटला.