झोक्याच्या झाडावरचा सोंडकिडा

संग्रहालयातल्या किडेकाकांनी एकाच डोंगरपट्ट्यातले सोंडकिडे ओळखण्यात अन् त्यांची वर्गवारी लावण्यात उभा जन्म घालवला. किडा कोणत्या झाडावर सापडला, याची चिठ्ठी त्याच्या टाचणीला नसेल, तर तो त्यांच्या लेखी कचरा.

बायकोचं माहेर त्याच पट्ट्यातलं. एकदा तिनं तिथून काड्यापेटीत एक किडा आणला.

"कोणतं झाड?" काका खेकसले.

"नाव कुठं ठाऊक? लहानपणी मी ज्याला झोका बांधायचे, ते. चला ना एकदा, दाखवते."

"मग चिठ्ठीवर 'झोक्याचं झाड' लिहू का?" असं म्हणून त्यांनी काड्यापेटी खणात भिरकावली.

ती वारल्यावर खण आवरताना पेटी हाती लागली. काकांनी किडा सहज भिंगाखाली धरला. ही सोंड, हे खवले माहीत असलेल्या एकाही जातीत बसेनात.

ते तडक तिच्या माहेरी गेले. परसात झाडांची दाटी होती.

"झोका?" धाकटा मेव्हणा म्हणाला, "तो माझ्या जन्माआधीचा. ताईलाच माहीत. भावजी, लग्नानंतर तुम्ही पहिल्यांदाच आलात, नाही का?"